थांब, उघडतंय

ता. ४ फेब्रुवारी, मंगळवार

चि. खारूताईस,

आत्याचे पोटभर आशीर्वाद. इकडं सगळं खुशाल, तुझं आणि तुझ्या पुलाचं खुशाल कळव. जेवतेस ना वेळेवर? लहानपणी दोन्ही गालांत शेंगदाणे कोंबून हिंडायचीस म्हणून तर खारूताई झालीस, आणि आता म्हणे सिमेंटच्या धुळीत उभ्या उभ्या बिस्किटं खातेस. तुझ्या हाताखालची माणसं तुला साहेब म्हणतात असं तुझा बाप शेजारीपाजारी सांगत सुटलाय. मी म्हटलं, तिला साहेब म्हणणाऱ्यांनी तिला शेंबूड बाहीला पुसताना पाहिलेलं नाही.

फोन सोडून पत्र का लिहिते, असं विचारशील. तुझ्या त्या नदीकाठी रेंज यायची रविवारी, आणि रविवारी तुझा बाप भांग पाडून फोनसमोर बसतो. तुला माझा फक्त एक कान दिसतो. बरं, या घराच्या भिंती अशा, की मी स्वयंपाकघरात कुजबुजले तर पुढच्या खोलीतून उत्तर येतं. मग त्याची चहाडी करायची कुठं? पत्रात बरं असतं. मला लिहिताना बघून तो समजतो, ही वाण्याची यादी करतेय.

तर मुद्द्यावर येते. रविवारी तू विचारलंस, लॅपटॉपचा वेग वाढवून घेण्यात काही राम आहे का, की सरळ नवाच घेऊन पाठवू? तुझा बाप म्हणाला, "आहे तो बरा आहे," आणि विषय बदलून तुझ्या पुलाच्या खांबांवर गेला. आता खरं काय ते मी सांगते.

तो लॅपटॉप बरा नाही. सकाळी दादा बटण दाबतो तेव्हा तो आधी खोकतो. मग त्याचा पंखा असा घुरघुरायला लागतो, की मला तुझ्या आतोबांचा ट्रक आठवतो. थंडीत तोही असाच कुरकुरायचा, पण हे त्याला दोन शिव्या घालायचे आणि तो निघायचा. तुझा बाप शिव्या घालत नाही. तो नुसता बसतो. मग कुणाच्या तरी घराचा नकाशा उघडायला घेतो आणि पडद्यावर ते गोल गोल फिरायला लागतं. मी विचारलं, "झालं का?" की ठरलेलं उत्तर, "थांब, उघडतंय." तेवढ्यात माझे कपडे धुऊन, पिळून, वाळत घालून होतात. परत येऊन बघते तर अजून उघडतंयच. दादा आपला चष्मा पुसतोय, पेन्सिलीला टोक काढतोय, खिडकीबाहेर बघत तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटतोय. मी म्हटलं, मंत्र म्हणतोस का रे, लवकर उघडावं म्हणून? तर माझ्यावर डोळे काढले.

तू फोनवरून सांगितलेले उपाय मी करायला लावले. सुरू होताना आपोआप उघडणारी ती सतरा खटली बंद करून झाली. त्यात विषाणूंपासून राखण करणारे दोन निघाले. दोघंही एकमेकांना चोर समजून दिवसभर एकमेकांवरच पाळत ठेवून होते. एकाला काढलं. फरक पडला, पण एवढासा.

कामाची मात्र बोंब झालीय गं. आपली सिस्टर नाही का, समोरच्या दवाखान्यातली, तिला आईसाठी खाली दोन खोल्या बांधायच्यात. तिचा नकाशा दिवाळखोराच्या वायद्यासारखा पुढं पुढं चाललाय. ती बिचारी ड्यूटी संपली की डोकावते, "काका, झालं का?" आणि दादा लॅपटॉपकडं बोट दाखवतो. तीही मान हलवते, "जुना झालाय हो काका." गेल्या आठवड्यात ती गेल्यावर मी त्याला म्हटलं, "दादा, नाचता येईना अंगण वाकडं!" मी आपली नेहमीसारखी टोमणा मारून मोकळी. हा हसला नाही. पूर्वी असं म्हटलं असतं तर सवाईनं परतफेड केली असती. त्या दिवशी पेन्सिल खाली ठेवली आणि आत जाऊन झोपला, भर दुपारी.

वय होतंय, दुसरं काय. गेल्या सोमवारी न्हाव्याकडं गेला आणि केस न कापता परत आला. म्हणे गर्दी होती. त्या दिवशी दुकान बंद असतं, मला माहीत आहे. मी म्हटलं, न्हावी तुझं डोकं बघून पळाला असेल. जाऊ दे. तुला काय सांगत बसले.

सांगायचं ते हे, की पुढच्या आठवड्यात दादा त्याच्या आजारी दोस्ताला भेटायला दोन दिवस परगावी जाणार आहे. लॅपटॉप नेणार नाही. बाजारात तो दुरुस्तीवाला आहे ना, दुकानात सतत काहीतरी फुंकत असतो तो? मी त्याचं नाव फुंकरवाला ठेवलंय. त्याच्याकडं मी जाऊन आले. तो म्हणतो, "मावशी, नवा नका घेऊ. यंत्र ठणठणीत आहे, आतली चकती, हार्ड डिस्क हो, तेवढी म्हातारी झालीय. नव्या जातीची चकती घालतो, रॅम वाढवतो, पंखा साफ करतो. पळायला लागेल."

म्हणजे तुझा बाप परत येईल तोवर मी त्याचं म्हातारं घोडं शर्यतीचं करून ठेवणार. तू रविवारी अवाक्षर काढायचं नाहीस. त्याचा चेहरा कसा होतो ते मला बघायचंय.

तुझी कारस्थानी,
आत्या


ता. १९ फेब्रुवारी, बुधवार

चि. खारूताईस,

आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. पुलाचा फोटो पाहिला. तू त्यात कुठं आहेस ते शोधायला मला दादाचं भिंग घ्यावं लागलं. पिवळ्या टोपीतली ती मुंगी तूच ना? दादानं तो फोटो कपाटाच्या काचेला आतून चिकटवलाय. येताजाता बघतो.

घोडं पळायला लागलं. फुंकरवाल्यानं लॅपटॉप उघडला तेव्हा मी समोर बसून होते, म्हटलं बघू तरी पोटात काय आहे. पंख्यातून एवढा भुसा निघाला की एक छोटी उशी भरली असती. तो म्हणाला, "मावशी, हे कधीच श्वास घेत नव्हतं." मग जुनी चकती काढली. तिच्यावरचं सगळं नवीवर उतरवून घेतलं आणि जुनी कागदात गुंडाळून मला देऊ लागला. मी म्हटलं, राहू दे तुझ्याकडंच, मला ती म्हातारी घेऊन काय करायचीय, घरात एक आहेच. लॅपटॉप चालू केला आणि मी "आता मी चहा..." एवढं म्हणेपर्यंत पडदा लख्ख! नकाशावर टिचकी मारली तर पापणी लवायच्या आत घर समोर. मी टाळीच वाजवली.

दादा आला. हातपाय धुतले, चहा झाला. मी अगदी मांजरासारखी दबा धरून बसलेले. म्हटलं, "दादा, सिस्टर विचारून गेली, बस जरा कामाला." तो बसला, बटण दाबलं आणि सवयीनं चष्मा पुसायला काढला. चष्मा हातात आहे तोवर सगळं उघडून तयार.

तो बघतच राहिला. मला वाटलं आता हसेल. आता म्हणेल, काय गं कारटे, काय केलंस. तो म्हणाला, "माझा कुठाय?"

"हाच की!"

"हा नाही."

मी त्याला झाकणावरचा तो ओरखडा दाखवला, तू शाळेत असताना कंपासनं काढलेला. तो त्यानं बोटानं चाचपला. मग म्हणाला, "तुला कुणी सांगितलं होतं?" आवाज चढवून नाही. चढवला असता तर मी चार ऐकवल्या असत्या. झाकण लावलं आणि अंगणात जाऊन उभा राहिला.

रुसलाय माझ्यावर. दुसरं काही नाही. पुरुषाच्या हत्याराला न विचारता हात लावू नये. तुझे आतोबा मला ट्रकचा आरसासुद्धा पुसू द्यायचे नाहीत.

आता रोज तो कामाला बसतो खरा. पण रोज काहीतरी नवीन निघतं. सोमवारी उजेड कमी होता. टेबल खिडकीपाशी ओढलं. मग उजेड जास्त झाला. मग खुर्ची टोचायला लागली. मी माझी उशी दिली. काल म्हणाला, पेन्सिल चांगली नाही. अगं, लॅपटॉपवर काम करायला पेन्सिल कशाला? पण मी बोलले नाही. मी गप्प बसले, यावरूनच ओळख.

कपाटाच्या काचेत, तुझ्या पुलाच्या जरा बाजूला, मला स्वयंपाकघरातून तो दिसतो. समोर नकाशा उघडा असतो. तो नुसता बघत असतो. माझ्या पावलांचा आवाज आला की दोन-चार बटणं दाबतो, टक टक टक. मी परत गेले की थांबतो. काल मी मुद्दाम चपला काढून अनवाणी आले. मागं बराच वेळ उभी होते. त्यानं एक रेघ काढली, पुसली. परत तीच काढली, परत पुसली.

मला आपलं वाटलं... नाही, काही नाही. ऊन लागलं असेल प्रवासात.

तू आलीस चार दिवस तर... पण नको. तुझे खांब आता पाण्यातून वर आलेत म्हणालीस, ऐन कामाची वेळ आहे. दादाही परवा म्हणत होता, पोरीला पूल पुरा करू दे, मधे कुणी हाक मारू नका. कुणी हाक मारली होती? मी काही बोललेच नव्हते.

रविवारी फोनवर लॅपटॉपचं काढू नकोस. "मस्त पळतोय का बाबा?" असं तर मुळीच विचारू नकोस. पुलाचंच बोल.

तुझी,
आत्या


ता. ११ मार्च, मंगळवार

खारू,

आशीर्वाद. पत्राला उशीर झाला. लिहायला बसले की मला भांडी आठवायची, नाहीतर निवडायचे तांदूळ. आज तांदूळ निवडून झालेत, भांडी लखलखतायत, आणि दादा सिस्टरबरोबर दवाखान्यात रक्त द्यायला गेलाय, तपासायला. घाबरू नकोस. म्हणजे घाबर, पण पुढचं वाचून मग.

मागच्या महिन्याच्या शेवटी सिस्टरचा नकाशा एकदाचा झाला. दादानं स्वतः जाऊन छापून आणला. टेबलावर पसरला, चारी कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या. काय सुरेख दिसत होता! रेघ न् रेघ सरळ, अक्षर मोत्यासारखं. सिस्टर वाकून बघत होती. मग तिनं कागद जरा फिरवला. परत सरळ केला.

"काका, ही मागची खोली आईची ना?"

"हो. सकाळचं ऊन येईल तिला."

"मग आई आत जाणार कुठून?"

मी पुढं होऊन पाहिलं. चार भिंती, एक खिडकी. दार नव्हतं.

"खिडकीतून," दादा म्हणाला, आणि आम्ही तिघंही हसलो. कारण हा असलं बोलतोच, तुला माहीत आहे. सिस्टर म्हणाली, "गुडघे धरलेत हो तिचे, खिडकी नाही चढायची." अजून हसलो. मग दादानं दाराची खूण करायला पेन्सिल उचलली. ती या भिंतीवरून त्या भिंतीवर नेली. मग तिसऱ्या. एक फेरी पुरी झाली तरी टेकवली नाही. मग माझ्याकडं वळून विचारलं, "कुठल्या भिंतीत?"

मला विचारलं, खारू. गावच्या शाळेतल्या सातवी पास बाईला. ज्या माणसानं या अर्ध्या वस्तीची घरं कागदावर उभी केली, त्यानं मला विचारलं, दार कुठल्या भिंतीत. मी बोट ठेवलं. त्यानं तिथं खूण केली. सिस्टर हसायची थांबली होती. ती रोज आजारी माणसं बघते, तिला मी काय सांगायचं? जाताना दारात तिनं माझा हात धरला नुसता.

संध्याकाळी तो कपबशा विसळत होता. कपबशा तो कधी विसळत नाही. मी शेजारी उभी राहिले फडकं घेऊन.

"कधीपासून?" मी विचारलं.

"काय कधीपासून?"

"दादा, मी तुझ्याच आईच्या पोटची आहे. मला गुंडाळू नकोस."

त्यानं नळ बंद केला. म्हणाला, "पावसाळ्याच्या आधीपासून." आणि मग जे बोलला ते मी जसंच्या तसं लिहिते, कारण रोज तेच माझ्या कानात वाजतं.

"मशीन हळू होतं तेव्हा बरं होतं गं. बटण दाबायचो, आणि ते उघडेपर्यंत मी मनात सगळं मांडून घ्यायचो. कुणाचं घर, माणसं किती, जिना कुठून. बोलून बोलून आठवायचो. नकाशा उघडायचा तोवर मीपण उघडायचो. नाहीच जमलं एखाद्या दिवशी, तर म्हणायचो, मशीन चालत नाही. लोक म्हणायचे, हो हो, जुनं झालंय. माझ्याकडं कुणी बघायचंच नाही. आता ते माझ्या आधी तयार असतं. टुकूटुकू बघत बसतं माझ्या तोंडाकडं."

आणि मी मंत्र म्हणतोस का विचारलं होतं त्याला. अंगण वाकडं म्हटलं होतं. गमतीत फेकलेला दगड कुणाच्या कपाळात बसेल, सांगता येत नाही. तो म्हणाला, "तुझं काय चुकलं? तू चांगलंच करायला गेलीस." त्यानं असं समजून घेतलं की मला जास्त रडू येतं. भांडला असता तर परवडलं असतं.

मग म्हणाला, "मला ते होतं तसं करून दे."

मी काय कच्ची आहे? मी म्हटलं, "देते. पण माझ्याबरोबर डॉक्टरकडं यायचं. हातात हात, रोख सौदा."

तो म्हणाला, "मग माझीही एक अट. पोरीला कळवायचं नाही. तिचा पूल होऊ दे."

मी शब्द दिला. पुढं वाचशीलच त्या शब्दाचं मी काय केलं.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप पिशवीत घालून फुंकरवाल्याकडं गेले. "काय मावशी, काय बिघडलं?"

"काही नाही. फार छान चालतोय. हळू कर."

"म्हणजे?"

"म्हणजे होता तसा. ती म्हातारी चकती घाल परत."

तो हसला. "अहो, लोक माझ्यापुढं हात जोडतात वेग वाढवा म्हणून. तुम्हाला काय, लवकर काम झालेलं आवडत नाही?" मी एरवी त्याला तिथंच गार केलं असतं. त्या दिवशी नुसती पिशवी पुढं सरकवली. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग खाली मान घालून स्क्रू काढायला लागला. जुनी चकती त्यानं जपून ठेवली होती, मधलं नवं काम तिच्यावर उतरवून घेतलं. पंख्याबद्दल विचारलं, "यात परत भुसा तर नाही ना घालायचा?" तेव्हा मात्र मला हसू आलं.

तू विचारलं होतंस ना, जुन्या लॅपटॉपचा वेग वाढवून घ्यावा का? लॅपटॉपचं विचारशील तर जरूर घ्यावा. नवा आणायची गरजच नाही, दिवसाभरात होतं काम. पण आधी बघावं, त्याच्यासमोर बसतं कोण.

मग आमची सौद्याची दुसरी बाजू. सिस्टरनं तिच्या ओळखीच्या डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली. बाई तरुण, तुझ्याएवढ्या असतील, पण बोलायला गोड. दादा इस्त्रीचा शर्ट घालून गेला. वार विचारला, सांगितला. तारीख जरा चुकली, ती माझीही चुकते. मी मधे काहीतरी चावटपणा करत होते, बाईंनी मला गोड बोलून गप्प केलं. मग त्या म्हणाल्या, "काका, तुम्ही नकाशे काढता ना? मला तुमच्या राहत्या घराचा काढून दाखवा. साधा, हातानं." कोरा कागद दिला, पेन्सिल दिली.

दादानं कागद सरळ केला. पेन्सिलीचं टोक बोटावर तपासलं. मग त्यानं पेन्सिल कागदाशी आणली आणि थांबला. आम्ही वाट बघत होतो. बाहेर कुणीतरी नंबर पुकारत होतं. त्यानं चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत घातला.  मीच बोलले, राहवलं नाही मला, "दादा, काढ की. आपलं घर."

तो कागदाकडं बघत म्हणाला, "थांब, उघडतंय."

खारू, समोर नुसता कागद होता.

बाई म्हणाल्या, असं असं आहे. अजून तपासण्या करायच्यात, पण मला जे वाटतं ते हेच. त्याचं एक लांबलचक नाव आहे, सिस्टर तुला फोनवर सांगेल. हे मागं फिरत नाही म्हणे. गोळ्यांनी त्याची चाल हळू करता येते, तेवढंच. म्हणजे इथंही हळू करायचंच औषध. मी बाईंना म्हटलं, आमच्या बाजारात एक जण करून देतो. त्या हसल्या नाहीत, दादा हसला. चांगला मोठ्यानं हसला. त्या हसण्यावर मी पुढचे काही महिने काढीन.

आता घरी असं चाललंय. तो सकाळी बटण दाबतो, खोकला, म्हाताऱ्या चकतीची कुरकुर, गोल गोल. मी कपडे धुवायला जात नाही. स्टूल घेऊन शेजारी बसते. तो मनात मांडायचं ते आता मोठ्यानं मांडतो, मी ऐकते. "हे सिस्टरचं. इथं तिची आई. तिचे गुडघे." मी म्हणते, "मग दार?" तो म्हणतो, "दार इथं." बहुतेक वेळा बरोबर असतं. नसतं तेव्हा मी म्हणते, बघू, उघडू दे आधी. नवी कामं घेणं आम्ही बंद केलंय. सिस्टरचं घर तेवढं तो पुरं करणार, आणि तो कागद दुसरा कुणीतरी जाणता तपासल्याशिवाय गवंड्याच्या हातात जाणार नाही. हे त्यानंच सुचवलं. मला ते सुचवायचं धाडस झालं नसतं.

आता माझ्या शब्दाचं. मी आयुष्यात पुष्कळ खोड्या केल्या, पण दिलेला शब्द मोडला नव्हता. हा मोडला. तो म्हणतो, पूल होऊ दे. पूल होईलच गं, आज ना उद्या, तू असलीस नाहीस तरी नदी पार करायला माणसं येतीलच. पण आज तो तुझा फोटो बघून "पिवळ्या टोपीतली ती आमची" असं म्हणतो. कुठवर म्हणेल, बाईंनाही सांगता आलं नाही. मी ये म्हणत नाही. येऊ नको असंही म्हणत नाही. तू कच्च्या हिशोबावर खांब उभा करत नाहीस, मग हे मी तुझ्यापासून लपवून ठेवलं तर तू माझं तोंड बघणार नाहीस, एवढं मला कळतं.

एक मात्र कर. फोनवर बोलता बोलता तो अडतो ना, तेव्हा तू लगेच ओरडतेस, "बाबा, आवाज येतोय का? हॅलो, आवाज येतोय का?" आणि तो घाईघाईनं म्हणतो, "नाही, रेंजच नाही आज." तू म्हणतेस, "इथली रेंज बेकार आहे बाबा," आणि फोन ठेवतेस. तो मग बराच वेळ फोन हातात धरून बसतो.

रेंज असते, खारू. मला तिकडं तुझ्यामागं चाललेलं यंत्र ऐकू येतं, कुणीतरी तुला साहेब म्हणून हाक मारतं तेही ऐकू येतं. तुझा आवाज इथं खणखणीत येतो.

येत्या रविवारी तो थांबला, तर तूही थांब. शब्द पुरवू नकोस, विचारू नकोस, ओरडू नकोस. नुसती तिथं राहा. तो येतो परत, जरा वेळानं. अजून तरी येतो.

या वेळी आत्या म्हणून सही करवत नाही.

तुझ्या बापाची धाकटी बहीण